फी माफ झाली, पण मुलगी टिकली का?



जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. त्याआधी माफी निम्मीच होती. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत हवे, मुलगी आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास किंवा सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातली हवी आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या मुली यात नाहीत, खाजगी अभिमत विद्यापीठांतल्याही नाहीत. तरीही निर्णयाचे स्वागतच करायला हवे.

पण 'माफी' या शब्दाने फसू नये. फी कोणी सोडून देत नाही. मुलीऐवजी सरकार ती कॉलेजला देणार असते. १९८३ पासून आपल्याकडे विनाअनुदानित कॉलेजे निघाली. त्यांत प्राध्यापकांचे पगार फीतूनच होतात. सरकारी पैसे महाडीबीटीच्या वाटेने, हप्त्याहप्त्याने, बरेचदा वर्ष उलटल्यावर येतात. तोवर संस्थेचा तगादा कोणामागे? मंत्रालयात जाऊन भांडण्यापेक्षा खिडकीपाशी उभ्या असलेल्या मुलीला अडवणे सोपे. "आधी भर, सरकारचे आले की परत देऊ." कुठे हमीपत्र लिहून घेतात, कुठे हॉलतिकीट अडवतात. मूळ कागदपत्रे अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावले आहे. पण हे त्या मुलीला सांगणार कोण?

आणि घरी काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. मुलाची फी अडली तर सावकाराकडे जातात, तुकडा गहाण टाकतात. मुलीची अडली की "एक वर्ष घरी राहू दे" म्हणतात, आणि त्या वर्षात स्थळ येते. फी माफ असूनही खोलीभाडे, खानावळ, प्रवास, जर्नले हा खर्च उरतोच. माफीच्या हिशेबात तो धरलेलाच नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पण खोलीचे भाडे जूनमध्ये द्यायचे आणि भत्ता पुढच्या उन्हाळ्यात मिळायचा, तर त्याचा उपयोग किती?

संस्थाचालकांनी जरा स्वतःचाही हिशेब मांडावा. नुसता स्वार्थ पाहिला तरी चालेल. इंजिनिअरिंगची मुलगी पहिल्या वर्षानंतर गेली, तर तिची जागा डिप्लोमाच्या थेट प्रवेशातून भरली तर भरली. दुसऱ्या वर्षानंतर गेली तर ती बाक शेवटपर्यंत रिकामी राहते आणि दोन वर्षांची फी बुडते, सरकारकडून येणारीसुद्धा. एका हप्त्यासाठी मुलीला घालवणे हा धंदाही आतबट्ट्याचाच.

सरकारकडे आमची मागणी साधी आहे. कॉलेजचे पैसे सत्र संपण्याआधी द्या, निर्वाह भत्ता सत्राच्या सुरुवातीला द्या, आणि किती मुलींनी प्रवेश घेतला याच्या जाहिराती करताना त्यांतल्या किती शेवटच्या वर्षाला पोचल्या तेही प्रवर्गवार छापा.

तोवर हे काम आपणच सुरू करू. तुमच्या तालुक्यातल्या एका कॉलेजात जा. दोन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला किती मुली होत्या आणि आज तिसऱ्याला किती आहेत, विचारा. गळलेल्या मुलींपैकी शक्य होईल तेवढ्यांच्या घरी जाऊन या. त्यांची नावे नकोत, कारणे कळवा. पुढच्या अंकात चार पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.