जीव वाचवणे म्हणजे व्यसनाला उत्तेजन नव्हे



'अमली पदार्थाच्या अतिमात्रेवरचे नॅलोक्सोन हे औषध वस्त्यांमध्ये वाटले, तर व्यसनींना मोकळे रान मिळेल' हे आपल्या लेखातील मत वस्तुस्थितीला धरून नाही.

एक, नॅलोक्सोनने नशा चढत नाही, उतरते. हेरॉइन, फेंटानिल यांचा अंमल ते काही मिनिटांत तोडते आणि मंदावलेला श्वास पूर्ववत होतो. मात्र त्याचा परिणाम अर्धा ते दीड तासच टिकतो, म्हणून रुग्णालयात नेणे भागच असते.

दोन, 'हे डॉक्टरांचे काम' हा आक्षेप. अतिमात्रेने ओठ निळे पडलेत, बुबुळातल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, घशात घरघर आहे, अशा वेळी जवळ आई असते किंवा मित्र. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये, असा प्रसंग ज्यांच्यासमोर येऊ शकतो त्यांना हे औषध आणि प्रशिक्षण द्यावे, अशी शिफारस केली. अमेरिकेने २०२३ मध्ये त्याचा नाकातला फवारा चिठ्ठीविना विकायला परवानगी दिली. मॅसॅच्युसेट्समध्ये जिथे असे प्रशिक्षण झाले, तिथे अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण इतर ठिकाणांपेक्षा कमी राहिले.

तीन, अमली पदार्थांविरुद्ध पोलिसांच्या धाडी हव्यातच, पण त्या पुरेशा नाहीत. तुरुंगातून किंवा उपचार केंद्रातून सुटलेल्याची अमली पदार्थ पेलण्याची क्षमता घटलेली असते. पूर्वीचाच डोस त्याच्या जिवावर बेततो. हे घरोघरी जाऊन कार्यकर्तेच सांगू शकतात, धाड नाही.

माणूस जगला तरच व्यसन सुटेल. यापुढे अशा लेखांसोबत १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन अवश्य छापावी.

– एक समाजकार्यकर्ती, ठाणे