डी६च्या प्याद्याची राखण करत बसू नका

नायगाव पूर्वेला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी बुद्धिबळाचे पट मांडले जातात. २०२५च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून येणारी मुलं वाढली आहेत. काळी मोहरी आली की बहुतेक जण सिसिलियन सुरुवात खेळतात, त्यातही स्वेश्निकोव्ह प्रकार, कारण माजी जगज्जेता कार्लसन तो खेळला.

मागच्या रविवारी दहा वर्षांच्या एका मुलाचा डाव मी शेवटपर्यंत पाहिला. पाचव्या खेळीला ई५, सहाव्या खेळीला डी६, सगळं पुस्तकाप्रमाणे. मग त्याच्या लक्षात आलं की डी६चं प्यादं मागे राहिलंय आणि डी५च्या घरावर आपल्या एकाही प्याद्याचा जोर नाही. तो घाबरला. उंट ई७ला, वजीर डी७ला, हत्ती डी८ला. तिघंही एका प्याद्याच्या पहाऱ्यावर. पांढऱ्याने निवांत किल्लेकोट केला, कडेला पडलेला ए३चा घोडा सी२वरून ई३ला आणला आणि डी५चं घर कायमचं बळकावलं. मुलगा हरला. ते प्यादं मात्र शेवटपर्यंत पटावर होतं.

मुलांनो, हे प्यादं चुकून मागे राहिलेलं नसतं. ई५ खेळतानाच आपण ही किंमत मोजलेली असते. मग बदल्यात काय मिळालं ते बघा. पांढऱ्याचा घोडा बी५वरून ए३ला हाकलला गेलाय; त्याला परत यायला वेळ लागणार. पांढऱ्याने उंट देऊन एफ६चा घोडा मारला आणि आपण जी-प्याद्याने तो उंट घेतला, तर एफच्या पट्टीत दोन प्यादी एकामागे एक उभी राहतात, राजापुढचा आडोसा जातो. पण दोन्ही उंट आपल्याकडे राहतात आणि जीची पट्टी हत्तीला मोकळी होते. मात्र पांढऱ्याचा घोडा कडेला असल्याचा फायदा थोड्याच खेळ्यांपुरता असतो. ए३चा तो घोडा खेळात परतायच्या आत एफ५ खेळा, ई४वर घाव घाला.

डी५वर बसलेल्या घोड्याला मात्र सोडू नका. उंट ई६ला आणा आणि वेळ साधून घोडा मारा. पांढऱ्याला ई-प्याद्याने उंट घ्यावा लागला, तर त्याचंच प्यादं डी५चं भगदाड बुजवतं आणि डी६वर समोरून हत्ती लागत नाही. नोव्हेंबर २०१८मध्ये लंडनच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत आव्हानवीर कारुआनाने सातव्या खेळीलाच घोडा डी५ला टाकला, कार्लसनने तो मारला आणि पांढरं प्यादं तिथे येऊन बसलं. मूळचे बाराही डाव बरोबरीत सुटले. मग जलद डावांत कार्लसनने ३-० अशी बाजी मारली, त्यातला दुसरा डाव काळ्या मोहऱ्यांनी, याच सुरुवातीतून.

बाकीची मारामारी उगाच करू नका. मोहरी कमी झाली की हीच दुबळी प्यादी खरोखर जड जातात. आणि वेळ आली तर डी५ खेळून ते प्यादं देऊनही टाका. उंटांना वाट मिळत असेल तर सौदा वाईट नाही.

पालकांनाही एक विनंती. पहाटेची लोकल पकडून तुम्ही मुलांना अंधेरी-दादरला स्पर्धेला नेता. परतताना ‘प्यादं कसं गेलं?’ असं विचारू नका. ‘त्या बदल्यात तुला काय मिळालं?’ असं विचारा.

येत्या रविवारी येताना प्रत्येकाने आपले काळ्या मोहऱ्यांचे शेवटचे पाच डाव वहीत लिहून आणावेत आणि एफ५ कितव्या खेळीला खेळलो, त्याखाली लाल रेघ मारावी.