ग्रंथ राखावा कसा?

छापलेला ग्रंथ टिकतो आणि हाताने लिहिलेला नष्ट होतो, अशी आपली साधारण समजूत असते. हस्तलिखित एकच असते, तर छापखान्यातून एकदम शेकडो प्रती बाहेर पडतात. त्यांतली एखादी तरी कोठे ना कोठे उरेलच, असा हिशेब या समजुतीमागे असतो. हा हिशेब खोटा ठरवणारा ग्रंथ आपल्या गोमंतकातच जन्मास आला. जुन्या पुस्तकांचे जतन आणि पुनर्मुद्रण यांविषयी अलीकडे बरेच बोलले जाते. त्या संदर्भात या ग्रंथाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते.

तो ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यास आले आणि १६१९ मध्ये येथेच निवर्तले. त्यांनी येथील लोकांची भाषा आणि पुराणे सांगण्याची रीत आत्मसात केली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ रचला. भारतातील पहिला छापखाना गोव्यात १५५६ साली आला होता. त्यामुळे ग्रंथ छापण्याची सोय होती. मात्र देवनागरी खिळे नव्हते. म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत जुळवून राचोल येथे १६१६ मध्ये पहिली आवृत्ती निघाली. पुढे १६४९ आणि १६५४ अशा आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. चाळीस वर्षांच्या आत तीन आवृत्त्या हे भाग्य आजच्या किती मराठी ग्रंथांना लाभते, याचा विचार वाचकांनीच करावा.

परंतु या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज राजवटीने येथील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारावी, असा हुकूम काढला. त्याच्या आधीच गोव्यातील मुद्रण बंद पडले होते आणि ते पुन्हा सुरू झाले १८२१ मध्ये. ज्या भाषेवर सत्तेची वक्रदृष्टी, त्या भाषेतील पुस्तकांची निगा कोण राखणार? जे दुर्लक्षातून वाचले असेल, त्याचा समाचार कोकणच्या पावसाने, वाळवीने आणि कसरीने घेतला असावा.

मग हा ग्रंथ आपल्या हाती आला कसा? तो आला हस्तलिखितांतून. निरनिराळ्या कारणांनी गोवा सोडून दक्षिणेस कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हे पुराण आपल्याबरोबर नेले. उपवासकाळात आणि सणावारी ते वाचले जाई. वाचून वाचून पोथी जीर्ण झाली, की कोणीतरी तिची नवी नक्कल करी. त्या नकलाकारांची नावे इतिहासाने फारशी नोंदवलेली नाहीत. ग्रंथ राखण्याची पहिली अट यातून स्पष्ट होते. ग्रंथ कडीकुलपात राहून टिकत नाही, तो कोणाच्या तरी गरजेचा राहिला तरच टिकतो. कानड्यातील त्या घरांना पुराण वाचावयाचे होते, म्हणून त्यांनी ते लिहून घेतले. दुर्मिळ वस्तू जतन करण्याचा विचारही त्यांच्या मनात नसेल.

अशा हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ‘ख्रिस्तपुराण’ संपादून छापले. मूळ मुद्रणानंतर अडीच शतकांनी ग्रंथ पुन्हा प्रकाशात आला खरा, परंतु तो रोमन लिपीतच. पोर्तुगीज वळणाने ‘श’साठी एक्स हे अक्षर आणि ‘ण’साठी दोन वेळा एन, अशा जुळणीतून ओवीचा अर्थ लावणे पुण्या-मुंबईच्या वाचकास कसे साधावे? ही अडचण शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये देवनागरी आवृत्ती काढून दूर केली. १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांनी संपादिलेली आवृत्ती आली. २००९ साली नेल्सन फाल्काव यांनी मूळ ओव्यांबरोबर आजच्या मराठीतील गद्य अर्थही दिला. याखेरीज लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत, विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातून आलेली देवनागरी लिपीतील एक प्रत आहे. छापील रोमन पाठातील अनेक पोर्तुगीज-लॅटिन धर्मशब्दांच्या जागी तीत संस्कृत वळणाचे शब्द आढळतात. तेव्हा मूळ शब्द कोणता, हा प्रश्न अभ्यासकांपुढे उभा राहतो. एकच प्रत उरली असती, तर हा प्रश्नच कोणाला सुचला नसता.

या चरित्रात प्रत्येक संपादकाने वाचकाच्या वाटेतला एक एक धोंडा उचलला आहे. एकाने प्रत मिळवून दिली, दुसऱ्याने लिपी सोपी केली, आणखी एकाने अर्थ दिला. आमच्या मते पुनर्मुद्रण म्हणजे हेच. पाचशे प्रती छापून प्रकाशन समारंभ उरकणे आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर टाकणे हे पुनर्मुद्रण नव्हे. असा ग्रंथ पूर्वी एका कपाटात बंद होता, आता तो पाचशे कपाटांत बंद झाला, एवढाच काय तो फरक. ‘ख्रिस्तपुराणा’तील मराठीच्या स्तुतीच्या ओव्या भाषणांतून सर्रास ऐकू येतात, पण त्यांच्या मागची-पुढची पाने ज्यांनी उघडून पाहिली, असे वक्ते थोडेच असतात.

पुनर्मुद्रणाच्या दोन रीती आहेत आणि दोन्ही आवश्यक आहेत. पहिली रीत यथामूल छायाप्रतीची. स्टीफन्स यांच्याच ‘दौत्रिन क्रिस्तां’ या १६२२ साली छापलेल्या कोकणी पुस्तकाची अशी छायाप्रत मारियानु सालदान्य यांनी १९४५ मध्ये लिस्बन येथे प्रसिद्ध केली. तीत जुने पान जसेच्या तसे पाहावयास मिळते. दुसरी रीत संपादित आवृत्तीची. नवी जुळणी, कठीण शब्दांचा कोश आणि प्रस्तावना तीत असते. धोका आहे तो या दुसऱ्या रीतीत. जुने लेखन डोळ्यांस खटकते म्हणून ते मुकाट्याने ‘शुद्ध’ करण्याचा मोह संपादकास होतो. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, हे ठीकच झाले. मुलांना शिकवताना त्याचा लाभ आम्ही रोज अनुभवतो. पण जुन्या ग्रंथातील ‘केलें’ आणि ‘घरांत’ यांवरचे अनुस्वार लिंग, विभक्ती आणि जुना उच्चार यांची साक्ष देत असतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य आणि केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य मुळानुसार छापावे, असे खुद्द नियमच सांगतात. संपादकाने काही बदलले असेल तर ते सांगून बदलावे, आणि कोणती प्रत समोर ठेवली तेही नमूद करावे. एवढा प्रामाणिकपणा नसेल तर वाचकाच्या हाती जुन्या नावाचे नवेच पुस्तक पडते.

आता स्कॅनिंगची सोय झाली आहे. एका दिवसात शेकडो पानांची चित्रे घेता येतात आणि मूळ प्रतीची हाताळणीही कमी होते. या साधनाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. मात्र ज्या चित्रांना ग्रंथाचे नाव, वर्ष आणि पृष्ठक्रम जोडलेले नाहीत, ती चित्रे म्हणजे नाव नसलेल्या पोथ्यांचा ढीगच होय. कायद्याची अडचण पुष्कळदा वाटते तेवढी नसते. आपल्या देशात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील बहुतेक ग्रंथ छापावयास मोकळे आहेत. अडचण आहे ती प्रत मिळण्याची.

आणि ती प्रत वाचकांपैकीच कोणाच्या तरी घरी असण्याचा संभव आहे. देवघराच्या फडताळात तांबड्या कापडात बांधलेले एखादे दप्तर असते. आजोबांनी रोज वाचलेले, वडिलांनी नुसता नमस्कार केलेले आणि आपण कधी न सोडलेले. घर मोडताना किंवा नवे बांधताना ते श्रद्धेने नदीत सोडले जाते. छापील पुस्तके रद्दीवाल्याच्या तागडीत जातात. शाळांतही वेगळे घडत नाही. साठा-नोंदवहीत जुन्या पुस्तकाची किंमत बारा आणे लिहिलेली असते. पाने सुटली, की निर्लेखनाच्या यादीत त्याचा क्रमांक लागतो. किंमत कोणत्या साली लिहिली आणि पुस्तक पुन्हा मिळेल का, हे विचारणारा रकाना त्या नोंदवहीत नसतो.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो. पोथी धुतलेल्या सुती कापडात बांधून भिंतीपासून दूर, हवेशीर जागी ठेवावी. प्लास्टिकमध्ये कोंडू नये. पावसाळा सरल्यावर ती उघडून सावलीत वारा द्यावा. कडक उन्हात ठेवू नये. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये. तिच्या डिंकाचा डाग कायमचा राहतो. हातकागदावर काजळाच्या शाईने लिहिलेली पोथी बरीच टिकाऊ असते. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदावरील शंभर वर्षांचे पुस्तक तिच्याहून आधी ठिसूळ होते. म्हणून छापील आहे, दुसरीकडे मिळेलच, असे गृहीत धरू नये. पहिल्या व शेवटच्या पानांची छायाचित्रे घेऊन जवळच्या ग्रंथालयास दाखवावीत. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासून चालत आले आहे. गोमंतकीयांना दूर जाण्याचे कारण नाही.

सर्वांत मोठे काम मात्र याहून सोपे आहे. दप्तर सोडावे, घरातील मुलास जवळ बसवावे आणि एक पान मोठ्याने वाचावे. मूल अडखळेल, शब्द विचारील, तो कदाचित आपल्यालाही येणार नाही. तो शोधावा लागेल. कानड्यातील त्या अनाम नकलाकारांनी याहून निराळे काही केले नव्हते. त्यांनी वाचले आणि पुढच्या माणसास वाचता यावे म्हणून लिहून ठेवले. तीन छापील आवृत्त्यांना जे साधले नाही, ते त्यांच्या लेखणीला साधले.