न पाहिलेल्या मालाची बोली



बोली हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. पर्युषणात मंदिरात बोली चढताना आपण लहानपणापासून ऐकली आहे. आपल्या पुसदच्या बाजारात कापसाचा लिलाव होतो, तेव्हा घेणारा बोंडातला धागा ओढून पाहतो, ओलावा चाचपतो आणि मगच भाव बोलतो. इंटरनेटवरील लिलावात ही चाचपणी नसते. तेथे विकणाऱ्याचे शब्द आणि छायाचित्रे हाच काय तो नमुना. तो खोटा निघाला, तर दुकानाची अब्रू जाते. हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो.

गेल्या वर्षी जुन्या घराची आवराआवर करताना आजोबांच्या गल्ल्यातील बारा राजाछाप रुपये सापडले. ते उठून दिसावेत म्हणून मी चिंच लावून घासले. चिरंजीवांनी ‘शुद्ध चांदीचे दुर्मीळ रुपये’ असा मथळा देऊन एका संकेतस्थळावर लिलावाला ठेवले. बोली उत्तम चढली. पण आठवड्याभरात माल परत आला. सोबत चिठ्ठी होती : ‘यांतील पाच नाणी १९४० नंतरची आहेत. वर्णन खरे नाही.’ पैसे तत्काळ परत केले. परंतु तो अभिप्राय आमच्या नावापुढे राहिलाच. आजोबांच्या पेढीला असे कोणी कधी म्हटले नव्हते.

पहिली चूक वर्णनाची. १९३९ पर्यंतचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा वजनाचा असून त्यात ९१.७ टक्के चांदी असे. १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. म्हणजे ‘शुद्ध’ हा शब्द बाराही नाण्यांना लागू नव्हता. साल, वजन आणि धातू लिहावा; ‘दुर्मीळ’ हे जाणकाराला ठरवू द्यावे. दुसरी चूक घासण्याची. संग्राहकाला जुनी झाक हवी असते. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते.

छायाचित्र आपल्याच वस्तूचे असावे, दिवसाच्या उजेडात, दोन्ही बाजू आणि कडा दाखवणारे. चरा किंवा छिद्र असल्यास ते आधी दाखवावे. दोष सांगितल्याने गिऱ्हाईक जात नाही, लपवल्याने जाते. टपालखर्च कोणाचा, माल परत घेणार की नाही, हेही बोली सुरू होण्यापूर्वीच लिहावे.

भावाविषयी एक मोह टाळावा. बोली रेंगाळली की मेहुण्याला किंवा मित्राला चार आकडे वाढवायला सांगितले जाते. विक्रेत्याने बोलीचा हक्क आधी जाहीर केलेला नसताना असे करणे १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार बेकायदा असून, खरेदीदार ती विक्री कपटाची मानू शकतो. त्यापेक्षा किमान किंमत आधीच जाहीर करावी. कायद्यालाही ते मान्य आहे.

काही वस्तू चौकशीवाचून मांडूच नयेत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी व मूर्ती, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुनी मोलाची हस्तलिखिते पुरावस्तूंत येतात. परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. आपल्या कपाटांत जुन्या पोथ्या असतात, म्हणून हे विशेष ध्यानी घ्यावे. हस्तिदंताची वस्तू तर विक्रीस काढूच नये.

आणखी एक सावधगिरी. ‘तुमच्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी कर भरा’ असा निरोप आला तर तो फसवणुकीचाच समजावा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे बजावले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि त्यांसाठी ती कोणतेही शुल्क घेत नाही.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान आणि प्रतिरूपक व्यवहार सांगितले आहेत. कमी-अधिक माप आणि अस्सलाच्या नावाखाली मिसळीचा माल. आमच्या त्या एका ओळीच्या मथळ्यात मिसळीची चांदी शुद्ध म्हणून विकली गेली होती.

शंभरी ओलांडलेली दोन नाणी बाजूला ठेवून उरलेली दहा आम्ही पुन्हा लिलावाला ठेवली. साल, वजन, धातू लिहून आणि ‘घासलेली आहेत’ हेही सांगून. भाव पहिल्यापेक्षा कमी आला. नाणी मात्र परत आली नाहीत.