कोंबडीचा पाय, कुत्र्याचा दात

साताऱ्यात आमच्या आण्णांचं शिवणकामाचं दुकान होतं. सुटाच्या कापडाला त्यांच्याकडे तीनच नावं: प्लेन, चेक्स आणि लायनिंग. एवढ्यानं भागलं नाही की ते चिंधीच समोर धरायचे, "हे असं." मी पुढे फ्रेंच शिकले, अनुवादाच्या धंद्यात पडले, आणि आता फ्रान्समधल्या लोकरी कापडांच्या याद्या इंग्रजीत करून देते. काम येतं ते नुसत्या नावांच्या तक्त्यात. ना फोटो, ना चिंधी. दर शब्दामागे, त्यामुळे पाठवणाऱ्याला वाटतं की शब्द तेवढे पालटायचे आहेत.

'प्ये द पूल' घ्या. शब्दशः कोंबडीचा पाय. ओल्या मातीवरून कोंबडी गेली की जसे ठसे उमटतात, तशी काळी-पांढरी तुटक नक्षी. हेच कापड इंग्रजाच्या नजरेला कुत्र्याच्या दातासारखं दिसलं, म्हणून त्याचं नाव 'हाउंडस्टूथ'. विणायची रीत एकच: चार गडद धागे, चार फिके, उभेही तसेच, आडवेही तसेच, आणि वीण तिरकी. इथवर कोशाचं काम झालं. खरी गंमत पुढे आहे. नक्षी मोठी झाली की फ्रेंच माणूस कोंबडी सोडून कोंबडा म्हणतो, 'प्ये द कोक'. इंग्रज मात्र उलट्या टोकाला जातो. नक्षी बारीक झाली की त्याचा कुत्रा पिल्लू होतो, 'पपीटूथ'. म्हणजे कोंबडीचं कापड इंग्रजीत कुत्रा की पिल्लू, हे पट्टी लावल्याशिवाय सांगता येत नाही. तक्त्यात पट्टी कुठे लावू?

'शव्हराँ' तर उघड सापळा आहे. इंग्रजीत तोच शब्द 'शेव्हरॉन' म्हणून बसलाय, लिहून मोकळं व्हावं असं वाटतं. पण सुटाच्या कापडात फ्रेंच माणसाला बहुधा 'हेरिंगबोन' अभिप्रेत असतं, हेरिंग माशाच्या काट्यासारखं, जिथे तिरक्या रेघा वळताना मध्ये तुटतात. इंग्रजी शेव्हरॉनमध्ये त्या टोकाला टोक भिडवून सलग जातात. बोट फिरवलं तर आंधळ्यालाही कळेल. 'प्रँस द गाल' म्हणजे वेल्सचा राजपुत्र. पण कापड मूळ स्कॉटलंडच्या ग्लेन अर्कार्ट खोऱ्यातलं, म्हणून इंग्रजीत 'ग्लेन चेक'. 'प्रिन्स ऑफ वेल्स चेक'ही चालतं, फक्त वर वेगळ्या रंगाची मोठी चौकट असेल तरच तसं म्हणावं असा काही जाणकारांचा हट्ट असतो. पुन्हा तेच, कापड बघावं लागतं.

माझी सर्वांत मोठी चूक यातल्या कशातच झाली नाही. झाली ती आपल्या घरच्या नावात. पहिल्याच वर्षी एका यादीत होतं: लोकरी स्कार्फ, 'काशमीर', गडद लाल. मी 'कॅशमियर' लिहून पुढच्या ओळीवर गेले. फ्रेंचमध्ये हा शब्द काश्मिरी बकरीच्या लोकरीलाही आहे आणि शालीवरच्या त्या वाकड्या शेंड्याच्या नक्षीलाही. स्कार्फ साध्या मेंढीच्या लोकरीचा होता, नक्षी तेवढी काश्मिरी. साध्या लोकरीला कॅशमियर म्हणून विकणं ही गिऱ्हाइकाची चक्क फसवणूक. छापायला जाण्याआधी कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून निभावलं, पण मला शालजोडीतले जे मिळाले ते अजून आठवतात.

बरोबर शब्द होता 'पेस्ली'. पेस्ली हे ग्लासगोजवळचं गाव. नेपोलियनच्या जोसेफीनला काश्मिरी शालींचा भारी सोस होता. तिच्यासारख्यांमुळे युरोपभर ती हौस पसरली. मग एकोणिसाव्या शतकात पेस्लीच्या विणकरांनी तशा शाली स्वस्तात काढल्या आणि इंग्रजीत नक्षी त्यांच्या गावाच्या नावावर चढली. फ्रेंच भाषेनं निदान काश्मीरचं नाव ठेवलं. तरी मी इंग्रजीत पेस्लीच लिहिते, कुरकुरत का होईना, कारण तिथला दुकानदार त्याच नावानं माल मागवतो.

मात्र हाच नियम मराठीला लावला तर आपल्या पुरवण्यांमध्ये 'पेस्ली प्रिंट' का छापून येतं, हे मला कळत नाही. मराठी गिऱ्हाईक कोणत्या नावानं मागतं? ज्या घरात हळदकुंकवाची कोयरी आहे, तिथे त्या आकाराला नाव शोधायला ग्लासगोपर्यंत जायचं कारण काय? हा स्वदेशीचा अभिमान नाही. हाउंडस्टूथला मी मराठीत 'श्वानदंती' म्हणा असं सांगणार नाही; ते कापड त्याच नावानं इकडे आलं, तसंच राहू दे.

गेल्या महिन्यात पुण्यात लक्ष्मी रोडवर साडी घेत होते. पोरगेला विक्रेता सांगत होता, "मॅडम, पेस्ली बॉर्डर, नवीन आलीय." शेजारी बसलेल्या आजींनी चष्मा सावरला, काठावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अरे बाळा, ही कोयरी राहू दे. याहून बारीक कोयरी असेल तर काढ." त्यानं काही न विचारता मागच्या फळीवरून चार साड्या काढल्या. चारही बरोबर होत्या.