खिसे सहा, भरायचे कशाने?



आठवडी बाजारात हल्ली एक पँट जागोजागी टांगलेली दिसते. वजनाला हलकी, ओढली की ताणते, सोडली की जागेवर येते. ज्वारीच्या सोंगणीला उकिडवे बसा, बांध ओलांडा, मोटारसायकलला किक मारा, शिवण उसवत नाही. रात्री धुवा, सकाळी घाला. मांडीवर चेनचे खिसे. मोबाइल, आडत्याची पट्टी, तंबाखूची पुडी, सारे मावते. आमची पोरे ती घालतात, आम्हीही घालतो.

यावर शहरातले शहाणे विचारतात, "कापूस पिकवता आणि अंगात पॉलिस्टर? लाज नाही वाटत?" नाही वाटत! स्वस्त आणि टिकाऊ ते घेण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क आम्हालाही आहे. शेतकऱ्याने जाडेभरडेच नेसावे असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी स्वतःचे कपाट उघडावे. आमचे भांडण पँटशी नाही, हिशेबाशी आहे.

हा ताण येतो स्पँडेक्स नावाच्या धाग्यामुळे. 1958 मध्ये अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत तो तयार झाला. पाचपट ओढला तरी तुटत नाही. पॉलिस्टरची सोडा, सुती स्ट्रेच पँट घ्या. तिच्यात हा धागा शंभरात दोन-तीन भाग, बाकी सगळा कापूस.

आता मांडा हिशेब. एका पँटीचे कापड अर्धा किलो धरा. क्विंटलभर कापसातून रुई निघते 33-34 किलो. म्हणजे अर्धा किलो रुईला दीड किलो कापूस. सूतगिरणीतली घट धरून दोन किलो म्हणू. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये. दोन किलोचे झाले 162 रुपये. वर सव्वा किलो सरकी जिनवाल्याच्या पदरात. ही पँट शहरातल्या दुकानात हजार-दीड हजाराला जाते.

कापूस क्विंटलमागे हजाराने चढला, तर पँटीमागे वाढतात वीस रुपये. फक्त वीस! पण तेवढ्यावर गिरणीवाले बोंब मारतात, "कापड महागले, सरकार धाव!" आणि सरकार धावते. 5 मार्च 2012 रोजी कापसाची निर्यात अचानक बंद केली. ओरड झाली तेव्हा बंदी मागे घेतली. ऑगस्ट 2025 मध्ये, वेचणी तोंडावर असताना, कापसावरचा 11 टक्के आयात कर उठवला आणि ती सूट 31 डिसेंबरपर्यंत लांबवली. त्याच सप्टेंबरात कृत्रिम तंतूवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आणला.

कर कमी झाला याचे आम्हाला दुःख नाही. सगळ्यांचेच कर कमी व्हावेत. पण पॉलिस्टरवाल्याला सूट आणि कापूसवाल्याची लूट, हा कुठला न्याय? भाव चढला की निर्यातीला कुलूप, भाव पडायच्या वेळी आयातीला दार मोकळे. बाजार खुला करायचा तर दोन्ही दारांनी करा!

जिल्हा मेळाव्याला येताना हीच पँट घालून या. कोणी हसले तर वरचा हिशेब त्याच्या तोंडावर मांडा. आणि ठराव करा: कापसाची निर्यात पुन्हा कधीही बंद होणार नाही, पेरणी झाल्यावर त्या हंगामापुरता आयात करात बदल होणार नाही.

पँटवाल्याने खिसे सहा शिवले. ते रिकामे राहतात ते सरकारी धोरणामुळे. धोरण बदलल्याशिवाय ते भरणार नाहीत.