अपग्रेड अडतं कुठे?
कार्यालयातल्या संगणकावर विंडोज ११ चढवायला घेतलं, की कधीकधी ‘सिस्टम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही’ एवढंच सांगून काम थांबतं. मग सी ड्राइव्हवरच्या जुन्या फायली पुसायची घाई सुरू होते. तिथे शंभर जीबी मोकळे असले तरी उपयोग शून्य! अडचण असते ती संगणक सुरू करणाऱ्या फायलींसाठी राखलेल्या, एरवी न दिसणाऱ्या छोट्या भागात. बऱ्याच यंत्रांत तो जेमतेम १०० एमबीचा. काही अँटिव्हायरस तिथेच लिहीत राहतात आणि अपग्रेडला हवे असलेले १५ एमबीही उरत नाहीत. डिस्कची विभागणी जीपीटी पद्धतीची असेल, तर मायक्रोसॉफ्टचा उपाय सोपा आहे: कमांड प्रॉम्प्टमधून त्या भागाला तात्पुरतं ड्राइव्हचं अक्षर द्यायचं आणि बूटच्या फॉन्ट्स फोल्डरमधल्या फायली काढायच्या. जानेवारी २०२४मध्ये विंडोज १०च्या एका सुरक्षा अपडेटचंही असंच झालं. रिकव्हरीच्या भागात २५० एमबी मोकळे नसले की ते अडायचं, आणि संदेशात जागेचा उल्लेखच नसायचा. कर्मचाऱ्यांचा त्यात काय दोष? कंपनीने कारण स्पष्ट सांगायलाच हवं होतं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, त्यामुळे विंडोज ११चं अपग्रेड लांबवण्यात धोका आहे. म्हणून संगणक सांभाळणाऱ्यांना विनंती: आधी बॅकअप घ्या, ‘पँथर’ फोल्डरमधली सेटअपची नोंद वाचा, आणि मगच फॉरमॅटचं नाव काढा.